आधीच्याची शेपटी

पृथ्वीचा सगळा इतिहास जबलपूरच्या मातीत जपून ठेवलेला आहे, असं आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई प्रत्येक समारंभात सांगत. हे वाक्य त्या डावा हात टेबलावर ठेवून आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे लावून म्हणत, त्यामुळे त्याला एक भारदस्तपणा येई. मंडळाच्या मागच्या पडवीत मी बालवर्ग चालवत असे. तिथल्या मातीत दोन वर्षांत मला सापडलेल्या गोष्टी म्हणजे एका पायातला जोडा, पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे, बोरांच्या आठोळ्या आणि एक चमचा. तो चोरल्याचा आळ मंडळाच्या मोलकरणीवर आला होता. इतिहास होता, पण फार जुना नव्हता.

तेव्हा मध्य प्रांताचे दिवस होते आणि मी वीस-एकवीस वर्षांची होते. अकोल्याहून ताईकडे राहायला आले होते. भाऊजी सदर नावाच्या भागात छावणीच्या एका कचेरीत कारकून होते आणि रोज सायकलने जात. अकोल्याच्या काकांशी माझा करार साधा होता. बालवर्ग चालू आहे तोवर मी जबलपुरात राहावं. बंद पडला की त्याच आठवड्यात परत यावं. खामगावचं एक स्थळ त्यांनी तयार ठेवलं होतं. त्या गृहस्थांबद्दल मी तीन पत्रांतून विचारलं आणि तिन्ही वेळा 'घर चांगलं आहे' एवढंच उत्तर आलं. त्यामुळे पडवीतली ती अकरा मुलं माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. त्यांच्या आयांच्या दृष्टीने दहा ते एक या वेळात ती घरात नसणं महत्त्वाचं होतं. अशा परस्परांच्या गरजेवर आमचं शिक्षणकार्य उभं होतं.

एके दिवशी भाऊजी जेवताना म्हणाले, "बडा शिमल्याच्या टेकडीत साहेब लोक खोदून राहिले. हाडं निघाली. एकेक मांडीचं हाड आपल्या बाजेएवढं."

ताईने पोळी वाढता वाढता विचारलं, "कोनाची हाडं?"

"बजारातले म्हणते राक्षसाची. साहेब म्हणते पालीची."

"एवढी पाल?"

"काहून हसतं? म्या ऐकलं ते सांगून राहिलो."

"हसत नाही जी. आपल्या भिंतीवरची बरी, एवढंच म्हनलं," ताई म्हणाली आणि वरण वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले. तिथे इंग्रजी ज्ञानकोशाचे जाडजूड खंड काचेच्या कपाटात होते. कुणीतरी ते दान दिले होते आणि त्या दानाची पाटी पुस्तकांपेक्षा जास्त वाचली गेली होती. हव्या त्या खंडाची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच होती. ती मी घरून आणलेल्या सुरीने कापली. आत चित्र होतं. घोरपडीसारखं अंग, पण हत्तीपेक्षा कितीतरी मोठं. मान ताडासारखी लांब, शेपटी मानेइतकीच, आणि डोकं इतकं लहान की त्याला कुठल्याही समितीवर घेता आलं असतं. खाणं झाडपाला. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळे मेले. का मेले, याबद्दल लिहिणाऱ्यालाही खात्री नव्हती, आणि त्याने तसं कबूल केलं होतं. त्यामुळे बाकीच्या मजकुरावर माझा विश्वास बसला.

मग भाऊजींच्या ओळखीचे दोन टांगे करून मी अकरा मुलांना टेकडीवर नेलं. साहेब त्या दिवशी नव्हते. होता फक्त एक म्हातारा चौकीदार आणि एक खड्डा. चौकीदाराने मोठ्या प्रामाणिकपणे हात पसरून खड्डा दाखवला.

"देख लो बच्चों. गड्ढा है।"

"हाडं कुठी हायत?" पोस्टमास्तरांच्या मुलीने विचारलं. ही चार वर्षांची होती आणि कुठलाही प्रश्न उत्तर मिळेपर्यंत विचारत असे.

"हड्डी सब बोरा में बाँध के धर दई, बिटिया. ऊपर से चूना-पट्टी. नईं तो टूट जैहै।"

बाजूला खरोखरच तरटात गुंडाळलेली, वरून पांढरी लिंपलेली लांबट गाठोडी ठेवलेली होती. मुलांनी त्यांच्याकडे अतिशय आदराने पाहिलं. मुलांचं मराठी आणि हिंदी यांत कुंपण नव्हतं, त्यामुळे संभाषण अडलं नाही.

"ये कब मरा?"

"बहुत पहले।"

"हत्तीच्या पहले?"

"हाथी के पहले. हमाए बब्बा के भी पहले।"

परतताना टांग्यात मी त्यांना त्या प्राण्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. ते कुणी उच्चारायलाही गेलं नाही. पोस्टमास्तरांच्या मुलीने थोडा विचार केला आणि त्याला 'आधीचा' असं नाव दिलं. तेच राहिलं.

पुढचे दोन महिने पडवीत दुसरं काही चाललं नाही. मी वाळूचा ढीग टाकून घेतला. त्यात छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे आणि भेडाघाटकडच्या मऊ पांढऱ्या दगडाचे खडे पुरून ठेवायचे. मुलांनी चमच्याने हळूहळू खोदायचं, सापडलेलं हाड ब्रशऐवजी कोंबडीच्या पिसाने झाडायचं आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचं. एरवी ज्यांना एक क्षण बसवत नसे, अशी मुलं अर्धा अर्धा तास पिसाने दगड झाडत बसत. ओल्या मातीत पायांचे ठसे उमटवायचा खेळ होता. पनागरहून आलेला पांढरा कोहळा हे अंडं होतं, आणि त्यावर बसून ते उबवायला रांग लागे. तो कोहळा शेवटी ताईने सांडगे करायला नेला तेव्हा वर्गात सुतक पडल्यासारखं झालं.

सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे आधीचा होणं. मंडळाची लांब सतरंजी पाच-सहा जणांनी डोक्यावरून घ्यायची. पुढच्याने हात उंच करायचा. त्याची मूठ म्हणजे डोकं. मधले म्हणजे पोट. शेवटचा शेपटी. सगळ्यांनाच शेपटी व्हायचं असे, कारण हलायची मोकळीक फक्त शेपटीला होती. यावरून इतकी रडारड झाली की मी एक नियम केला. आधी टोपलीखाली एक वस्तू ठेवायची, सगळ्यांनी ओळखायची, आणि जो हरेल तो शेपटी. म्हणजे हरलेलाही खूश. नियम चांगला होता. फक्त आठवड्याभरात वर्गातली सर्वांत हुशार मुलं ठार मूर्खासारखी उत्तरं देऊ लागली.

घरी परिणाम वेगळेच दिसू लागले. वकिलांच्या धाकट्याने पालेभाजी कधी खाल्ली नव्हती. तो आता ताटाशी ओणवा होऊन, हात न लावता, तोंडाने मेथी ओरबाडू लागला. त्याच्या आईने मला निरोप पाठवला की खायची रीत वाईट आहे, पण तुम्ही काही बोलू नका.

मग शालीचं प्रकरण झालं.

कंपाउंडरचा मुलगा साडेचार वर्षांचा होता, मनाने अत्यंत कामसू. एके दिवशी त्याला सदरमध्ये, दुकानांच्या मागे, एक खरं हाड सापडलं. बकऱ्याचं असावं. ते त्याने टोपीत घालून वर्गात आणलं, मला न सांगता सगळ्यांना दाखवलं, आणि मग टेकडीवर पाहिलं होतं त्याप्रमाणे नीट कापडात गुंडाळून ठेवायचं ठरवलं. हाड महत्त्वाचं, तेव्हा कापडही चांगलं हवं. दिवाणखान्यातल्या कपाटाला कुलूप नव्हतं. तिथे मंडळाची सत्काराची शाल होती. दर वेळी तीच शाल पांघरली जाई आणि समारंभानंतर पाहुण्यांकडून हळूच परत घेतली जाई.

त्या शनिवारी नागपूरहून आलेल्या एका विदुषींचं 'शिशुसंगोपनातील स्वच्छता' या विषयावर व्याख्यान झालं. व्याख्यान दीड तास चाललं. शेवटी अध्यक्षीणबाईंनी डावा हात टेबलावर ठेवून जबलपूरची माती आणि पृथ्वीचा इतिहास यांचा उल्लेख केला, शाल उचलली, झटकून उलगडली, आणि हाड विदुषींच्या मांडीवर पडलं.

विदुषींनी हाडाकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी बसलेला कंपाउंडरचा मुलगा समाधानाने म्हणाला, "मोडलं नाही."

सोमवारी मला बोलावणं आलं. मंडळात तेव्हा दोन सत्ता होत्या. अध्यक्षीणबाईंचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत या मुलखात आलेलं. चार पिढ्यांत कुणी पुणं पाहिलं नव्हतं, पण त्या बोलत मात्र शनिवार पेठेतून आत्ताच निघाल्यासारख्या. चिटणीसबाई अमरावतीकडच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या, आणि जसं बोलायचं तसंच बोलणाऱ्या. या दोघींचं कधी कशावर एकमत झाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्या दिवशी झालं.

"मंडळाच्या वास्तूत अस्थी येणं हे अभूतपूर्व आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"हाडूक," चिटणीसबाईंनी मला समजावून सांगितलं.

पडवी दिवाळीपासून बंद करावी असा विचार होता. मी फार बोलले नाही. एवढंच म्हटलं, की मुलं काय शिकली ते एकदा बघावं आणि मग ठरवावं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलांचा कार्यक्रम करायचा, आणि दोघींचीही संमती असेल तरच वर्ग पुढे चालेल, असं ठरलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "हादगा करा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर. आपली परंपरा आहे."

चिटणीसबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "पोरी, त्याईचं ऐकू नको. भुलाबाई मांड. मातीचे भुलोजी-भुलाबाई कर, गानी म्हन. हत्ती गित्ती आपल्यात नाही. मले भुलाबाई दिसली नाही तं म्या हो म्हननार नाही, सांगून ठेवतो."

"अन् त्यांना हत्ती दिसला नाही तर?"

"तं त्या नाही म्हनतीन," त्या मनापासून म्हणाल्या. "मंग तू अकोल्याले जाशीन. तिथं बी चांगलंच हाय."

त्याच दिवशी काकांचं कार्ड आलं. खामगावकर थांबायला तयार होते, पण फार नाही.

मी तडजोड काढली. मातीचा हत्ती करायचा आणि त्याच्या पाठीवर भुलोजी-भुलाबाईंना बसवायचं. पाटावर हत्ती, हत्तीवर भुलाबाई. फेर एकदाच, गाणी दोन्हीकडची. हत्ती चांगला ढोपराएवढा हवा होता, म्हणून आम्ही आत गवताच्या पेंढ्या बांधून सांगाडा केला आणि वरून माती लिंपायला घेतली.

चूक माझीच होती. ज्या मुलांनी दोन महिने एकच जनावर केलं होतं, त्यांच्या हाती मी दुसऱ्या जनावराची माती दिली. पहिल्या दिवशी सोंड लांबली. मी ती आखूड केली. दुसऱ्या दिवशी सोंडेच्या टोकाला डोळे आले आणि ती मान झाली. मी डोळे पुसले. तिसऱ्या दिवशी मागून शेपटी निघाली आणि पाटाबाहेर गेली. मुलांना मी रागावले असं नाही, त्यांना समजावलं. ती मान हलवत, आणि मी वळले की हातभर माती आणखी थापत. कानांचं तर नावच नव्हतं. कार्यक्रमाच्या सकाळी पाहिलं तेव्हा माती वाळून कडक झाली होती, आणि पाटावर आधीचा उभा होता. त्याच्या पाठीवर भुलोजी आणि भुलाबाई बसले होते. दोघांचे चेहरे मुलांनीच केले होते. लांबच्या प्रवासाला चुकीच्या गाडीत बसलेल्यांसारखे दिसत होते.

मी त्यावर चादर टाकली आणि ताईला म्हटलं, "पेटी भरायला घे."

ताई म्हणाली, "चादर काढेपर्यंत थांब तं."

दुपारी चारला दिवाणखाना भरला. समई लावली. अध्यक्षीणबाई उजवीकडच्या खुर्चीत, चिटणीसबाई डावीकडच्या. शाल अध्यक्षीणबाईंच्या खांद्यावर होती. आता ती त्या स्वतःच सांभाळत. पोस्टमास्तरांच्या मुलीने चादर ओढली.

"हा हत्ती का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "हा हत्तीच्या आधीचा हाय."

"आधीचा म्हणजे?"

"म्हणजे आधी हा होता. मंग हत्ती आला. आपल्या मातीतला हाय. टेकडीत झोपला होता, साहेबाने काढला."

पृथ्वीचा इतिहास जबलपूरच्या मातीत आहे हे अध्यक्षीणबाईंनी निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. तो समोर पाटावर आणून ठेवल्यावर काय म्हणायचं, याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. त्यांनी टेबलासाठी डावा हात पुढे केला. टेबल त्या दिवशी हलवलेलं होतं.

चिटणीसबाई पुढे झुकून पाठीवरची जोडी न्याहाळत होत्या. "भुलाबाई बसली तं चांगली हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पडत गिडत नाही ना?"

"शेपटीमुळे तोल राहतो," कंपाउंडरचा मुलगा म्हणाला. कौतुक झालं की तो हाडाचा विषय काढील, या भीतीने मी घाईघाईने फेर सुरू केला. मुलांनी गाणी म्हटली. एक कडवं त्यांचंच होतं:

आधीचा गं आधीचा, मान त्याची ताडाची,
पाला खातो झाडाचा, वाट विचारी माहेराची.

यमक कुणी बसवलं मला माहीत नाही. मी बसवलेलं नव्हतं.

फेर झाल्यावर खाऊ ओळखायचा. हा भाग हादग्यातही असतो आणि भुलाबाईतही. झाकलेल्या डब्यात काय आहे ते पाहुण्यांनी सांगायचं. मुलांनी डब्याऐवजी एक गाडगं चुन्याने रंगवून त्याचं तोंड मातीने बंद केलं होतं. ते अंडं. पोस्टमास्तरांच्या मुलीने ते दोन्ही हातांनी हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला.

मोठ्या बायकांचं मला एक कळलेलं आहे. सहाव्या वर्षापासून जो खेळ खेळलेला असतो, तो समोर आला की पद, वय आणि खुर्ची यांचा त्यांना विसर पडतो.

"चिरोटे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"नाही."

"चिरोटे असे वाजते का? मुरमुऱ्याचे लाडू," चिटणीसबाई म्हणाल्या.

"नाही."

"अनारसे."

"नाही."

"शंकरपाळे. नाही? मंग फुटाने. फुटानेच. हलव पुन्हा."

पुन्हा हलवलं. करंज्या झाल्या, सांजोऱ्या झाल्या, शेव झाली, गूळ-खोबरं झालं. एकीने नाव घेतलं की दुसरी त्याला हसे आणि तसलंच नाव घेई. मुलं प्रत्येक 'नाही' अधिकाधिक आनंदाने म्हणत होती. शेवटी दोघींनी हार मानली.

कंपाउंडरच्या मुलाने चमच्याच्या दांड्याने अंडं फोडलं. आत उकडलेले शिंगाडे होते, काळे, दोन्ही बाजूंनी टोकदार. आश्विनात जबलपूरच्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ते टोपल्यांनी विकायला बसलेले असतात, आणि मंडळात येताना त्या दोघींनीही ते वाटेत पाहिले असणार.

"आधीच्याचे पिल्लं हायत," मुलगी म्हणाली. "शिंगं नवी हायत." मग तिने नियम सांगितला. "हरले ते शेपटी."

"म्हणजे काय?" अध्यक्षीणबाईंनी मला विचारलं.

"काही नाही. मुलांचा आपला खेळ—"

"सतरंजीखाली यायचं," मुलगी त्यांनाच म्हणाली. "सगळ्यात मागं. आन हलायचं."

त्या क्षणी मी खामगाव डोळ्यांसमोर पाहिलं. घर चांगलं होतं.

चिटणीसबाई उठल्या. "अवं, त्याईले नको सांगू बापा. अध्यक्षीण हायत त्या. म्या होतो शेपटी."

"चिटणीसबाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पहिला अंदाज माझा होता. मी आधी हरले."

"पन जास्त म्या हरली."

"हे मंडळाच्या नियमात बसत नाही."

"कुठला नियम?"

अध्यक्षीणबाईंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, कासोटा घट्ट केला, आणि समोर मुलांनी धरून ठेवलेल्या सतरंजीत मागच्या बाजूने शिरल्या. चिटणीसबाई क्षणभर पाहत राहिल्या. मग "शेपटी लांब हाय, दोघी मावते," असं म्हणत त्याही आत गेल्या.

आधीच्याने दिवाणखान्याला दोन फेऱ्या घातल्या. पुढे पोस्टमास्तरांच्या मुलीची मूठ होती, मध्ये पोट खिदळत होतं, आणि मागे शेपटी अशी काही हलली की समईजवळ बसलेल्या बायकांनी समई उचलून घेतली. दुसऱ्या फेरीला एक खुर्ची पडली. सतरंजीखालून कुणीतरी मोठ्याने, थांबता न येण्यासारखं हसत होतं. ते दोघींपैकी कोण, यावर मंडळात पुढे बरेच दिवस दोन मतं होती. माझ्या मते दोघी होत्या.

बाहेर आल्या तेव्हा अध्यक्षीणबाईंचा अंबाडा सुटलेला होता. त्यांनी शिंगाडा सोलून खाल्ला, चांगला उकडला आहे असं सांगितलं, आणि श्वास लागलेला असतानाच चिटणीसबाईंना म्हणाल्या, "ठराव लिहून घ्या."

ठराव मी नंतर वाचला. बालवर्गाचा कार्यक्रम अवलोकन केला, तो ऐतिहासिक स्वरूपाचा होता, सबब वर्ग पडवीत पुढे चालू ठेवावा, असं त्यात होतं. त्याखाली, वेगळ्या शाईने, शालीला कुलूप लावावं असं होतं. शेपटीचा उल्लेख नव्हता.

काकांना मी कार्ड टाकलं. खामगावकरांनी माघात दुसरीकडे लग्न केलं. त्या मुलीलाही घर आवडलं, असं ऐकलं.

कोजागिरीनंतर आम्ही आधीच्याला टांग्यात घालून तळ्यावर नेलं. मुलांनी भुलोजी-भुलाबाईंना नीट निरोप दिला आणि पाण्यात सोडलं, ते बुडाले. आधीचा बुडाला नाही. माती विरघळली, पण आतल्या पेंढ्या तरंगत पुन्हा काठाला आल्या, मानेसकट आणि शेपटीसकट. मुलांनी याचा अर्थ, तो जायला तयार नाही, असा घेतला, आणि पुढचे तीन दिवस मला त्यांना रोज तिथे न्यावं लागलं.

चौथ्या दिवशी तो एका म्हशीने खाल्ला.